'पोझिशन दिली' लिहिण्याआधी आणि लिहिल्यानंतर: वॉर्डातली परिचर्या राबवायची कशी, तपासायची कशी

जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाच्या केअर प्लॅनच्या, म्हणजे पेशंटच्या परिचर्येच्या योजनेच्या वह्या मी गठ्ठ्यांनी तपासल्या आहेत. पट्टीनं आखलेले रकाने, लाल शाईतले मथळे, मोत्यासारखं अक्षर. आणि अगदी उजवीकडच्या रकान्यात पानामागून पान एकच ओळ: 'उद्दिष्ट अंशतः साध्य'. "किती अंश गं?" असं विचारलं की पोरी एकमेकींकडे बघतात. तो रकाना पेशंटजवळ उभं राहून भरलेलाच नसतो. होस्टेलवर, आदल्या बॅचची वही शेजारी उघडी ठेवून भरलेला असतो. मीही तसाच भरायचे.

माहिती गोळा करणं, नर्सिंग डायग्नोसिस (पेशंटची अडचण नेमकी ठरवणं), नियोजन हे परिचर्येचे पहिले तीन टप्पे कॉलेजात बऱ्यापैकी घोटून घेतात. वॉर्डात पाऊल टाकलं की खरी गाठ पडते ती उरलेल्या दोघांशी: ठरवलेलं प्रत्यक्ष करणं, आणि त्यानं पेशंटला फरक पडला का ते बघणं. या दोघांबद्दलच लिहिते आहे, आणि व्याख्यांत न अडकता एकच पेशंट धरून चालते.

वय ७२, वजन ४८ किलो. गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. काल दुपारी अर्धा सांधा बदलायची शस्त्रक्रिया झाली, आज पहिला दिवस. डाव्या हाताला सलाईन, लघवीची नळी, मांडीला ड्रेसिंग, सोबतीला सून. वॉर्डात सगळे त्यांना आजी म्हणतात, आपणही तेच म्हणू. माझ्या हाताखालून गेलेल्या बऱ्याच आजींची मिळून ही एक आजी आहे.

## पायरी पहिली: आधी आजी, मग कागद

ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पेशंट सोपवताना, रात्रपाळीची सिस्टर म्हणाली, "बेड चौदा, हिपची केस, पहिला दिवस, रात्रभर झोपल्या नाहीत, बाकी ठीक." 'बाकी ठीक' या दोन शब्दांइतका घातकी शब्दप्रयोग वॉर्डात दुसरा नाही. त्यात काय काय बसतं हे फक्त पेशंटजवळ गेल्यावर कळतं.

योजना काल संध्याकाळी लिहिलेली असते आणि पेशंट आज सकाळचा असतो. त्यामुळे काहीही करायच्या आधी दोन-तीन मिनिटं नुसतं बघा. मी डोक्यापासून पायापर्यंत जाते, म्हणजे काही सुटत नाही. चेहरा. बोलणं नीट आहे का, कुठे आहोत ते कळतंय का. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर सगळ्या वॉर्डाचा श्वास वीस येतो. मग हात: व्हेनफ्लॉनच्या (शिरेत बसवलेल्या सलाईनच्या नळीच्या) जागी लाली, सूज, दुखणं आहे का. ड्रेसिंगवर डाग असेल तर त्याच्या कडेनं पेननं रेघ ओढा आणि वेळ लिहा. दुपारी डाग रेघेबाहेर गेला का, ते कुणालाही सांगता येईल. युरोबॅग (लघवीची पिशवी) मूत्राशयाच्या खाली आहे, पण जमिनीला टेकलेली नाही ना. पायाची बोटं गरम आहेत का, हलतात का, पाऊल वर ओढता येतं का. आणि शेवटी चादर उचलून दोन्ही टाचा.

आजींचे आकडे असे निघाले: नाडी ९६, रक्तदाब १०८/६६, श्वास २०, ऑक्सिजन ९५ टक्के, ताप ९९.४. बेडसोरच्या (पडून राहून दाबानं होणाऱ्या जखमेच्या) धोक्याच्या ब्रेडन मोजपट्टीवर १४. ही पट्टी उलटी चालते. कमाल २३, गुण जितके कमी तितका धोका जास्त, आणि १८ किंवा त्याखाली गेलं की धोका सुरू.

दुखणं विचारलं तर म्हणाल्या, "सोळा आणे दुखतंय." शून्य ते दहा ही पट्टी आपल्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांना डोक्यात बसत नाही. त्यांच्यापुढे दोन्ही हातांची बोटं धरा: "एकही नाही म्हणजे अजिबात नाही, दहाही म्हणजे सोसवतच नाही. किती बोटं?" आजींनी पडल्या पडल्या तीन दाखवली. कूस वळवायला गेल्यावर आठ. हे दोन्ही आकडे लिहायचे. नुसत्या 'पडल्या पडल्या तीन'वर विसंबलात तर आजी दिवसभर हलणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल वेदना आटोक्यात आहे. बोटांनी जमलं नाही तर 'नाही, थोडं, मध्यम, खूप, असह्य' हे शब्द वापरा. सकाळी जी पट्टी वापरली तीच दुपारी, तीच रात्री.

हे आकडे म्हणजे तुमचा सुरुवातीचा दगड. तो रोवला नसेल तर संध्याकाळी किती अंतर चाललो हे कशावरून सांगणार?

## पायरी दुसरी: उद्दिष्ट कुणाचं आहे ते बघा

अंमलबजावणीआधी केअर प्लॅनमधली उद्दिष्टं एकदा वाचा. 'दर दोन तासांनी कूस बदलणे' हे उद्दिष्ट नाही, ते तुमचं काम आहे. उद्दिष्ट पेशंटचं असतं: 'माकडहाड, खुबा आणि दोन्ही टाचांची कातडी सुटीच्या दिवसापर्यंत अखंड राहील.' 'वेदना कमी होतील' हेही लंगडं. कितीवरून किती, काय करताना, किती वाजेपर्यंत? आजींसाठी आम्ही लिहिलं: 'औषध दिल्यावर तासाभरात कूस बदलताना वेदना आठवरून चार किंवा त्याखाली.' आता हे झालं की नाही, ते शिकाऊ मुलगीही सांगू शकेल.

## पायरी तिसरी: घड्याळाशी क्रम लावा

चाळीस खाटा आणि दोघी सिस्टर असा हिशेब असला की कुठलं काम आधी, यावरच सकाळ तरते किंवा बुडते. श्वास, रक्तस्राव, शुद्ध यांत गडबड असेल तर बाकी सगळं थांबतं, हे सांगायला नको. त्यानंतरचा क्रम मात्र बऱ्याच ठिकाणी उलटा लागलेला दिसतो. स्पंज (अंग पुसणं), बेडमेकिंग, बॅक केअर (पाठीची निगा) आधी उरकतात, कारण राउंडच्या वेळी चादर सरळ दिसली पाहिजे. औषधं नंतर. म्हणजे आठ बोटं दुखत असताना आजींना चौघांनी गडाबडा लोळवायचं आणि मग अर्ध्या तासानं वेदनाशामक द्यायचं. आजी पुढच्या वेळी मावशींना बघूनच ओरडतात आणि आपण लिहितो, 'पेशंट सहकार्य करत नाही.'

उलट करा. आधी वेदनाशामक, ते चढेपर्यंत दुसरे पेशंट, मग स्पंज, पाठ, कूस, फिजिओथेरपी सगळं एका दमात. एकदाच दुखवायचं, तेही कमीत कमी.

याच वेळी कुठलं काम कुणाकडे द्यायचं ते ठरवा. कूस बदलताना धरायला, चादर ओढायला मावशी आणि सून चालतात, किंबहुना सुनेला मुद्दाम बोलवा. घरी हे तिलाच करायचं आहे. पण औषध, सलाईनची गती, पहिल्यांदा उभं करणं आणि कातडी बघणं ही चार कामं हातची सोडायची नाहीत. मावशींनी लघवी मोजून सांगितली तरी आकडा तुमच्या सहीनं चार्टवर जातो. पिशवीवरच्या रेघा अंदाजाच्या असतात, मापाच्या भांड्यात ओतूनच मोजायला सांगा.

## पायरी चौथी: करताना बघा, बघताना करा

वेदना. केस पेपरवर ऑर्डर होती: शिरेतून पॅरासिटामॉल १ ग्रॅम. वजनाचा रकाना रिकामा. मोठ्या माणसाला एक ग्रॅम हे हाताला इतकं सवयीचं की कुणी थांबत नाही. पण पेशंट ५० किलोच्या खाली असेल तर शिरेतून द्यायची मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम धरतात. ४८ गुणिले १५ म्हणजे ७२०. मात्रा आपण बदलायची नाही, पण फोन आपणच करायचा: "सर, बेड चौदाचं वजन ४८ आहे, एक ग्रॅमच द्यायचं का?" डॉक्टरांनी ७०० करून सही केली. १०० मिलीच्या बाटलीत एक ग्रॅम असतं, म्हणजे लागणार ७० मिली. पूर्ण बाटली लावून 'वेळेवर बंद करू' असं म्हणू नका, तेवढ्यात शेजारच्या खाटेवर कुणीतरी उलटी करतं. जादाचं ३० मिली आधीच काढून टाका आणि मगच लावा. साधारण पंधरा मिनिटांत जाऊ द्या.

नाव, केस पेपर नंबर, औषध, मात्रा, मार्ग, वेळ हे सगळं पडताळायचंच. नाव विचारताना "तुम्ही अमक्या ना?" असं विचारू नका. ऐकायला कमी येणारी आजी कशालाही "हो" म्हणते. "आजी, पूर्ण नाव सांगा" म्हणा.

कातडी आणि कूस. दोघींनी, ड्रॉशीट (पेशंटच्या कमरेखाली घातलेली आडवी चादर) धरून उचलायचं. फरफटत ओढायचं नाही, घासून कातडी सोलते. दोन्ही पायांमध्ये जाड उशी. ऑपरेशनचा पाय दुसऱ्या पायावर जाऊ द्यायचा नाही, आत वळू द्यायचा नाही, खुब्यात काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही. सर्जननं मागच्या बाजूनं सांधा बसवला असेल तर हे पाळलं नाही की सांधा निखळू शकतो, म्हणून कुठल्या बाजूनं ऑपरेशन झालं ते नोट्समध्ये वाचा आणि त्या कुशीवर वळवायची परवानगी आहे का ते विचारून घ्या. पूर्ण कुशीवर झोपवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांचा कल पुरतो.

टाचेसाठी उशी पोटरीखाली लांब लावा, टाच अधांतरी राहिली पाहिजे. चादरीवरून हात फिरवून बघा, बोट आरपार जायला हवं. आपल्याकडे ग्लोव्हमध्ये पाणी भरून तो टाचेखाली ठेवायची एक जुनी युक्ती आहे, आणि माकडहाडाखाली हवेची रिंग. दोन्ही बंद करा. रिंगच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी घटतो, आणि पाण्याचा ग्लोव्ह टाचेवरचा दाब काही पुरेसा हटवत नाही. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट लावून खसाखसा चोळणं हेही त्याच पिढीतलं. खालची ऊती आधीच दुखावलेली असते, चोळून आणखी दुखावते. पाठीला मसाज करायचाच तर चांगल्या कातडीला, हलक्या हातानं.

एक गोष्ट मला कुणी शिकवली नाही, बघून शिकले. पुस्तकातला पहिल्या टप्प्याचा बेडसोर गोऱ्या कातडीवरचा, दाबल्यावर न फिकटणारा लाल डाग. आपल्या सावळ्या आजींच्या टाचेवर लाली दिसेलच असं नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट छटा शोधा. बोटाच्या मागच्या बाजूनं स्पर्श करून बघा: जागा गरम किंवा गार, कडक किंवा लिबलिबीत लागते का, दाबल्यावर आजी कळवळतात का. खिडकीच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली सगळंच करडं दिसतं.

सलाईन. ५०० मिली सहा तासांत, २० थेंबांना एक मिलीचा सेट. ५०० गुणिले २०, भागिले ३६० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २८ थेंब. सेटचं पाकीट फेकायच्या आधी त्यावरचा थेंबांचा आकडा वाचा, मायक्रो (बारीक थेंबांचा) सेट असेल तर ६० असतो. आजींनी हात वाकवला की गती बदलते, म्हणून तासातासानं नजर हवी.

पहिल्यांदा उठवणं. इथे घाई नको. आधी पडलेल्या स्थितीत रक्तदाब. मग बिछान्याच्या कडेला पाय सोडून बसवा, पाठ थोडी मागे कलती, कारण खुबा काटकोनाच्या आत यायला नको. दोन-तीन मिनिटं गप्पा मारत चेहरा बघत राहा. पुन्हा रक्तदाब. मगच वॉकर, फिजिओथेरपिस्टला सोबत घेऊन, आणि उभ्यानं पुन्हा मोजा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर परत झोपवा आणि कळवा. सुनेला सांगा, पुढं उभं राहून ओढायचं नाही; पेशंटच्या बाजूला राहायचं.

हात धुणं, ग्लोव्ह, कचरा यावर वेगळं लिहीत नाही. सुई पांढऱ्यात, नळ्या आणि ग्लोव्ह लाल पिशवीत, रक्ताळलेला कापूस पिवळ्यात, काचेची अँप्युल निळ्यात, हे २०१६ च्या नियमांपासून भिंतीवर चिकटवलेलं असतं. फक्त एक: दोन पेशंटच्या मध्ये हॅन्डरब लावलात तर तो वाळेपर्यंत, म्हणजे २० ते ३० सेकंद चोळा. ओल्या हातांवर ग्लोव्ह चढतही नाही.

## पायरी पाचवी: लिहा, पण झाल्यावर

सकाळी नऊ वाजता दुपारी दोनपर्यंतच्या नोट्स लिहून मोकळ्या होणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. त्यातली एक मी. तेव्हा तिसऱ्या खाटेवरचा पेशंट दुपारी बाराला सीटी स्कॅनला गेला होता आणि माझ्या नोंदीनुसार त्याच वेळी त्याला वॉर्डात पोझिशन मिळाली होती, म्हणजे त्याची कूस बदलली होती. इंचार्ज सिस्टर काही बोलल्या नाहीत, नुसतं पान माझ्यापुढे धरलं.

नोंद कशी नसावी: 'सामान्य स्थिती ठीक. औषधे दिली. पोझिशन दिली. बॅक केअर दिली.' यात आजी कुठेच नाहीत, सगळीकडे सिस्टरच आहे.

कशी असावी: '८.२०, पॅरासिटामॉल ७०० मिग्रॅ शिरेतून, १५ मिनिटांत. ९.०५, वेदना: पडून १, कूस वळताना ६. डॉ. यांना कळवले.' काय केलं, कधी केलं, आणि त्यावर पेशंटनं काय उत्तर दिलं. तिसरा भाग लिहिला की मूल्यमापन अर्धं झालंच.

## पायरी सहावी: मूल्यमापन म्हणजे परत जाणं

वरच्या नोंदीतल्या नऊ वाजून पाच मिनिटांकडे बघा. औषध संपल्यावर अर्ध्या तासानं मी परत गेले, तीच बोटं पुढे केली, तोच प्रश्न, तीच हालचाल. पडून एक. छान. वळताना सहा. ठरवले होते चार. म्हणजे साध्य नाही. इथे 'अंशतः साध्य' लिहून स्पंजला सुरुवात करता आली असती. त्याऐवजी फोन केला, डॉक्टरांनी ट्रामाडॉल हे जास्त जोराचं वेदनाशामक सांगितलं, सावकाश दिलं, सव्वादहाला वळताना चार. मग स्पंज. गोळी दिली असेल तर साधारण तासाभरानं परत विचारा, शिरेतून दिलं असेल तर अर्ध्या तासानं. हे परत जाणं जमावं म्हणून मी तळहातावर वेळ लिहून ठेवायचे. हल्लीच्या मुली मोबाईलवर गजर लावतात, उत्तम.

उद्दिष्ट हुकलं की पहिला विचार 'पेशंटचं नशीब' असा येतो. त्याआधी मी या क्रमानं शोधते. ठरवलेलं खरंच झालं का? झालं असेल तर योग्य रीतीनं, योग्य वेळी झालं का? तरीही हुकलं तर उद्दिष्टच अवाजवी होतं का? आणि सगळ्यात शेवटी, मुळात निदान चुकलं का, म्हणजे सकाळी माझ्याकडून काही बघायचं राहिलं का?

दुपारी दोनला लघवीचा हिशेब केला. तासाला किलोमागे किमान अर्धा मिली यायला हवी. ४८ किलोला तासाला २४, सहा तासांत १४४. पिशवीत होती १३०. सलाईन वाढवून घ्यायला फोन उचलायच्या आधी नळीवरून बोट फिरवलं. मांडीखाली दुमडली होती, कूस बदलताना आम्हीच दाबली होती. सरळ केल्यावर आणखी ९० मिली आली. एकूण २२०, म्हणजे पुरेशी, पण रंग गडद. मग सुनेला विचारलं, पाणी किती प्यायल्या? ती म्हणाली, "अहो, पीतच नाहीत. म्हणतात, प्यायलं की लघवीला लागंल, मग परत पाय हलवायला लागंल." नळी लावलीय म्हणजे उठावं लागत नाही, हे आजींना कुणी सांगितलंच नव्हतं. योजनेत 'तोंडाने भरपूर पाणी देणे' होतं, ते कुणीतरी बरोबरची खूणही करून ठेवलं होतं. आजींची भीती मात्र कुठल्याच रकान्यात नव्हती. आयडा जीन ऑर्लँडो या अमेरिकन परिचारिकेनं १९६१ मध्ये हेच मांडलं: सिस्टरला जे दिसलं त्याचा जो अर्थ तिनं लावला, तो बरोबर आहे का, हे आधी पेशंटलाच विचारावं.

आता टाच. ही गोष्ट याच आजींची नाही, माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका हिपच्या पेशंटची आहे. तीन दिवस आम्ही सगळ्यांनी दोन-दोन तासांनी कूस बदलली. खोटं लिहिलं नव्हतं, खरंच बदलली. पाठ बघत होतो, माकडहाड स्वच्छ, मी समाधानानं 'कातडी अखंड' लिहीत होते. चौथ्या दिवशी फिजिओथेरपिस्टनं चालवायला मोजा काढला तर टाचेवर रुपयाएवढा काळपट फोड. आणि तोही ऑपरेशन न झालेल्या, चांगल्या पायाच्या टाचेवर. आम्ही दुखऱ्या पायाखाली नेमानं उशी लावत होतो. पेशंट मात्र बिछान्यात वर सरकण्यासाठी दर वेळी चांगली टाच गादीत रोवून रेटा देत होता. काम सगळं चोख, मूल्यमापन फक्त पाठीचं. त्या फोडाला बरं व्हायला हाडापेक्षा जास्त दिवस लागतात की काय असं वाटायला लागलं होतं.

म्हणून बेड चौदाच्या आजींच्या दोन्ही टाचा मी सकाळी बघितल्या आणि दुपारी पुन्हा. डावी थोडी गरम लागली, दाबल्यावर "अगं आई गं". योजना तिथल्या तिथे बदलली: दोन्ही पोटऱ्यांखाली उशी, वर सरकवायला दर वेळी दोघी आणि ड्रॉशीट, आणि आजींना सांगितलं, "टाच रोवायची नाही, हाक मारायची." डोक्याची बाजूही खाली केली, कारण ती उंच असली की माणूस घसरत राहतो आणि परत रेटा देतो, जेवताना मात्र उंच.

## रात्री योजना उलटते तेव्हा

त्या रात्री अकराला आजी सलाईन ओढायला लागल्या. "गाय सोडली का? पाऊस आलाय." सुनेला ओळखेनात. सकाळी त्या अगदी शहाण्यासारख्या बोलत होत्या हे रात्रपाळीच्या सिस्टरला ठाऊक होतं, कारण आम्ही ते लिहिलं होतं. ऑपरेशननंतर वयस्कर माणसाला असा डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारा गोंधळ, होणं नेहमीचं आहे, पण नेहमीचं म्हणजे सोडून द्यायचं असं नाही. हात बांधू नका. कारण शोधा: ऑक्सिजन, साखर, ताप, वेदना, लघवी तुंबली का, शौच झाली का, नवं औषध कुठलं सुरू झालं. आजींना सकाळी ट्रामाडॉल मिळालं होतं, ते या वयात गोंधळ वाढवू शकतं. चष्मा पिशवीत होता, तो डोळ्यांवर घातला. वॉर्डातला एक दिवा चालू ठेवला, सुनेला जवळ बसवलं.

आणि फोन केला. असा:

"सर, वॉर्डातून रात्रपाळीची सिस्टर. बेड चौदा, ७२ वर्षांच्या आजी, अकरापासून गोंधळल्यात, सलाईन ओढतायत. काल हिपचं ऑपरेशन झालं, सकाळी पूर्ण शुद्धीत होत्या, ट्रामाडॉल दहा आणि सहाला दिलंय. आत्ता ऑक्सिजन ९१, श्वास २४, नाडी १०८, ताप १००.२, साखर १३२, लघवी चालू आहे. मला डिलिरियम वाटतोय आणि ऑक्सिजन कमी आहे. तुम्ही येऊन बघा, तोवर ऑक्सिजन सुरू करू का, आणि बाराचं ट्रामाडॉल थांबवू का?"

काय झालं, आधी काय होतं, आता काय दिसतंय, मला काय हवंय. चार वाक्यांत. "सर, पेशंट रेस्टलेस आहे" एवढंच सांगितलं तर पलीकडून "बघतो" येतं आणि फोन बंद होतो. डॉक्टर आले, छाती तपासली, ट्रामाडॉल थांबवून पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी सलग ठेवलं. आम्ही योजनेत भर घातली: जागेपणी दर तासाला स्पायरोमीटरनं (श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणानं) दहा खोल श्वास, सकाळी शक्य तितक्या लवकर खुर्चीत बसवणं, लघवीची नळी काढता येईल का, हे राउंडला विचारणं.

## सकाळचा ओव्हर

दुसऱ्या दिवशी बेड चौदाजवळ उभं राहून ओव्हर झाला, टेबलाशी नाही. रात्रपाळीच्या सिस्टरनं सांगितलं: "दोनपासून शांत झोपल्या, सुनेला ओळखतायत. ऑक्सिजन नळीवर ९६. वेदना वळताना चार, ट्रामाडॉल बंद. पाणी रात्रीतून ४०० मिली, स्वतः मागून. डावी टाच गार झालीय, दाबल्यावर दुखत नाही, पण मला अजून खात्री नाही, तुम्ही बघा." 'बाकी ठीक' नव्हतं त्यात कुठेच.

नवी आलेली सिस्टर वाकली आणि तिनं चादर पायाकडून उचलली. आजी म्हणाल्या, "सगळ्याजणी माझ्या टाचाच काय बघताय गं सकाळपासनं?"